बीबी बदलायच्या आधी: पायडलखालची कुरकुर शोधताना या चुका टाळा

कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळ मागं पडलं की ज्याच्या त्याच्या सायकलीचा आवाज ऐकू यायला लागतो. सपाटीला गाड्यांच्या गोंगाटात दबलेली कुरकुर चढावर जोर लावला की बाहेर पडते. शेजारून चाललेला भाऊ चालत्या सायकलीवरच निदान करतो, "बीबी गेलाय तुझा." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) मधला, फ्रेममध्ये बसणारा बेअरिंगचा भाग. पुढच्या रविवारी तो नवा बसलेला असतो. आवाज आहे तिथंच.

पहिली चूक इथंच होते. कुरकुर आणि झीज या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. धातूचे दोन भाग एकमेकांवर केसभर सरकले की कुरकुर येते, म्हणजे कोरडे आटे, ढिला बोल्ट नाहीतर मध्ये अडकलेली माती. बेअरिंग संपलं की हाताला खरखर लागते, क्रँक आडवा हलतो किंवा जड फिरतो. अशी कितीतरी बेअरिंगं आवाज न करताच संपतात. कुरकुरणाऱ्या सायकलीचा बीबी काढून पाहिला तर तो बऱ्याचदा ठणठणीत निघतो.

त्यात फ्रेम पोकळ नळ्यांची. सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा, आवाज नळीतून खाली उतरतो आणि थेट पायाखालून आल्यासारखा वाटतो. त्यामुळं कानावर विश्वास ठेवू नका, एकेक भाग वगळत चला. चढावर सीटवरून उठून मारा. आवाज थांबला तर सीट, तिची पट्टी किंवा सीटपोस्ट. सीटपोस्ट काढून पुसा, ग्रीसचा हात फिरवून परत बसवा. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनची असेल तर ग्रीस नको, कार्बनसाठीची वेगळी पेस्ट मिळते ती वापरा. उठल्यावर आवाज वाढला तर पायडल, क्रँक, हँडल आणि मागचं चाक, सगळेच संशयित.

आवाज पायडलच्या फेऱ्याला एकदा येतो की चाकाच्या फेऱ्याला, हे मोजा. पुढं ३४ आणि मागं १७ दात असतील तर क्रँकच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन होतात, त्यामुळं फरक लगेच कळतो. पण चढावर पुढं ३४, मागंही ३४ लावून मोजायला गेलात तर दोन्ही फेरे एकच होतात आणि काही कळत नाही. ही परीक्षा दुसऱ्या गिअरवर घ्या. चाकाच्या लयीत आवाज असेल तर बीबीला हात लावायचं कारणच नाही.

लय पायडलची असेल तर आधी मित्राची पायडल लावून बघा. काढताना डावीकडचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. आपली पायडल परत बसवताना आटे पुसून ग्रीस लावा, अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात. मग चेनव्हीलचे (पुढच्या दातेरी चक्राचे) छोटे बोल्ट, मागच्या चाकाचं क्विक रिलीज (चाक आवळायचा खटका), बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू. पुढच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) केबलचं लोंबणारं टोक दर फेऱ्याला क्रँकला टक करतं, ते तर डोळ्यांनीही दिसतं, पण पाहतो कोण!

आता क्रँक. दोन्ही हातांनी दोन्ही क्रँक धरा आणि फ्रेमच्या दिशेनं आत-बाहेर हलवा. दोन्ही एकत्र हलले तर दोष बीबीत, एकच हलला तर त्या क्रँकचा बोल्ट ढिला. चौकोनी टोकाच्या एक्सलवर क्रँक बसणारी सायकल असेल तर हा बोल्ट ढिला ठेवून घरापर्यंतसुद्धा मारू नका. एक्सल स्टीलचा, क्रँक अॅल्युमिनियमचा. क्रँकचं चौकोनी भोक आतून गोलसर होतं आणि मग बोल्ट कितीही आवळा, धरत नाही. क्रँकच बदलावा लागतो. चेन चेनव्हीलवरून उतरवून क्रँक बोटांनी सावकाश फिरवा. सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) कान ठेवलात तर बेअरिंगची खरखर स्पष्ट ऐकू येते.

एवढं करून बीबीच ठरला, तर पुढची चूक गंज सोडवायचा स्प्रे. सांध्यात मारला की आवाज लगेच जातो, माणूस खूश होतो. पण त्या पातळ तेलानं आतलं ग्रीस धुऊन निघतं, आणि ज्या बेअरिंगला काहीच झालं नव्हतं ते खरंच जायच्या वाटेला लागतं. रॉकेल-डिझेल मारून चकाचक करणं हाही तोच प्रकार.

आपल्याकडं बीबीचा खरा शत्रू पाणी. गगनबावड्याकडून पावसात भिजून आलं की सायकल मोटारसायकलीसोबत वॉशिंग सेंटरला लावायची सवय अनेकांना आहे. बीबीचं रबरी सील रस्त्यावरचे शिंतोडे अडवायला असतं, जेटचा दाब अडवायला नव्हे. बादली, फडकं, ब्रश पुरे.

दुसरी वाट कुणाच्या लक्षात येत नाही. सीट क्लँपखाली फ्रेमला जी फट असते ती बहुतेक सायकलींना मागच्या बाजूला असते. मडगार्ड नसेल तर मागचं चाक नेमकं त्याच फटीवर पाणी उडवतं आणि ते सीट ट्यूबमधून थेट बीबीच्या नळीत उतरतं. अशा सायकलीच्या बीबीचा उजवा कप (नळीत आवळलेली, बेअरिंग धरणारी वाटी) काढला की आधी तांबूस पाण्याची धार लागते, मागोमाग दह्यासारखं फुटलेलं पांढरट ग्रीस. टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून फटीवर चढवा. बीबीच्या नळीच्या तळाला बारीक भोक असेल तर त्यातली उसाच्या रस्त्यावरची माती तारेनं काढा. भोकच नसेल तर पावसाळ्यात अधूनमधून सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या सायकली पाण्यात उभ्या राहिल्या त्यांचं नुसतं वरून धुऊन भागणार नव्हतं. पुरात बुडालेली सायकल पूर्ण खोलायलाच लागते.

नवा बीबी बसवताना होणाऱ्या चुका जास्त महागात पडतात. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या फ्रेमला उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो डावीकडं फिरवून आवळायचा. काही इटालियन फ्रेमना दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असतात. हे न बघता जोर लावला की आटे जातात, आणि फ्रेमचे आटे म्हणजे फ्रेमच. आटे ब्रशनं साफ करा, ग्रीस लावा, सुरुवातीचे फेरे हातानंच द्या.

बाहेर बेअरिंग असलेल्या शिमानोच्या हॉलोटेक २ पद्धतीत कप ३५ ते ५० न्यूटन मीटर (टॉर्क पान्यावर दिसणारा आवळण्याचा जोर), डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आळीपाळीनं १२ ते १४. प्लॅस्टिकची टोपी मात्र जेमतेम ०.७ ते १.५, म्हणजे दोन बोटांचा जोर. ती ताकदीनं आवळली की बेअरिंगवर कायमचा आडवा दाब राहतो आणि नवं बेअरिंग एका पावसाळ्यात संपतं. बीबीच्या नळीच्या कडेवर रंगाचा थर राहिला किंवा दोन्ही कडा समांतर नसल्या तरी गत तीच. कडा समांतर करायला दोन्ही बाजूंच्या आट्यांचा आधार घेणारं कटर लागतं. कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर काहीही होतं हे मान्य, पण फ्रेम लेथवर चढत नाही आणि ग्राइंडर कडेला लावू देऊ नका. प्रेस-फिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायचे, कप बसवायला मात्र तिथंच जा. आट्यांचा रॉड, दोन नट आणि कपाच्या मापाचे जाड वॉशर करून घ्या, कप सरळ आत जातो. लाकूड ठेवून हातोडीनं ठोकलेला कप तिरका बसतो आणि आयुष्यभर कुरकुरतो.

दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं दुखणं वेगळं. तिथं दर फेऱ्याला 'टक' आलं की कॉटर पिन (क्रँक एक्सलवर पक्का करणारी पाचर) ढिली समजा. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशेनं घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली जड लोखंडाचा टेकू द्या. तो नसेल तर घाव छऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. पिन नटानं ओढू नका, आधी ठोकून बसवा, मग नट. छरे पाव इंची, एका बाजूला बहुधा ११. बदलायचे तर सगळेच बदला, दोन-चार नवे घालून भागवू नका.

सगळं बदललं तरी आवाज राहिलाच, तर सायकल उलटी करून बीबीच्या नळीजवळचे वेल्डिंगचे जोड पुसून उजेडात बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि जोर लावल्यावर ती उघडमीट झाली, तर फ्रेमला तडा आहे. सायकल तिथंच थांबवा. स्टीलची फ्रेम चांगला कारागीर जोडून देतो. अॅल्युमिनियमची नुसती वेल्डिंग करून चालवू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि त्याला परत ताकद आणणारी उष्णताप्रक्रिया रस्त्यावरच्या वेल्डरकडं होत नाही.