यार्डात गाड्या का साठतात? स्टॉकचा हिशेब करताना या चुका टाळा

सप्टेंबर 2024 अखेर देशभरातल्या डीलरांकडे सुमारे 7.9 लाख प्रवासी गाड्या विकायच्या राहिल्या होत्या. किंमत जवळपास 79,000 कोटी रुपये. डीलरांची संघटना फाडा 21 दिवसांच्या विक्रीला पुरेल एवढा स्टॉक योग्य मानते; तेव्हा तो 80 ते 85 दिवसांवर गेला होता. मागणी मंद होती हे खरंच, पण सगळा दोष गिऱ्हाईकावर ढकलणं मला पटत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डिस्पॅचला, म्हणजे कंपनीने डीलरकडे गाडी पाठवण्याला, विक्री समजणं. डीलरच्या नावे बिल झालं की कंपनीच्या हिशेबात गाडी विकली गेली. वाहन कंपन्यांची संघटना सियामचे घाऊक आकडे हेच मोजतात. पासिंग, म्हणजे आरटीओ नोंदणी, किती झालं ते सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसतं, आणि या दोन्हींतला फरक यार्डात उभा राहतो. महिनाअखेरीला टार्गेटसाठी घेतलेल्या गाड्या पुढच्या महिन्याच्या डोक्यावर बसतात. साधा हिशेब करा: यार्डात 120 गाड्या आणि महिन्याला 60 डिलिव्हरी, म्हणजे 60 दिवसांचा स्टॉक. 10 लाखांच्या गाडीसाठी काढलेल्या कर्जावर 9 टक्क्यांनी रोजचं व्याज सुमारे 247 रुपये. 120 गाड्यांचं जवळपास 30 हजार. रोज! म्हणून नवीन बिलिंग मान्य करण्याआधी पासिंगचा आकडा समोर ठेवा.

दुसरी चूक तारखेची. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ला, 2025 मध्ये 2 ला. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरशी या वर्षीचा सप्टेंबर ताडून पाहिलात तर फसाल. तुलना पंचांगाने करा. पितृपक्षात भरलेलं यार्ड ही सणाची तयारी असते. पाडवा-भाऊबीज उलटल्यावरही ते तसंच असेल, तर ऑर्डर लगेच कमी करा.

यार्ड भरलेलं आणि तरी गिऱ्हाईक वेटिंगवर, असं होत असेल तर एकूण आकडा बाजूला ठेवा. व्हेरियंट, इंधन आणि रंग यांप्रमाणे यादी काढा. सीएनजीची बुकिंगं पडून आणि यार्डात पेट्रोलचं टॉप मॉडेल, हा दोष ऑर्डरचा आहे. सूट देऊन तो झाकला जातो, सुटत नाही.

नियम आणि कर बदलतात तेव्हा तर स्टॉक रातोरात जड होतो. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून बीएस-3 (प्रदूषणाच्या जुन्या निकषाच्या) गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा 8 लाखांहून जास्त वाहनं शिल्लक होती, बहुतेक दुचाकी. 2025 मध्ये 15 ऑगस्टला जीएसटी कपातीचे संकेत मिळाले, नवे दर 22 सप्टेंबरला लागू झाले. मधे गणपती येऊनही अनेकांनी खरेदी थांबवली, आणि जुन्या साठ्यावर भरलेला सेस (जीएसटीवरचा जादा कर) डीलरांच्या खात्यात अडकला. असे संकेत दिसताच नवीन बिलिंग थांबवायला हवं.

आजच एक यादी काढा: 60 दिवसांहून जुन्या गाड्या, चासी नंबरसह. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज आहेत का, टायरमध्ये हवा आहे का, तेही बघा. आणि पुढची डिलिव्हरी त्यातलीच द्या.