स्मार्टफोन सोडायचाय? आधी त्यातली कामं बाहेर काढा

स्मार्टफोन सोडून बटणांचा साधा फोन घ्यायचा, असं ठरवणारी माणसं आता बरीच भेटतात. त्यातली पुष्कळशी काही आठवड्यांत परत जुन्या फोनवर येतात आणि विचारलं तर म्हणतात, "निग्रह कमी पडला." मला हे पटत नाही. बँकेत लॉगिन करायला लागणारा कोड जुन्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये अडकलाय, मुलांच्या शाळेच्या सूचना एका ग्रुपवर येतायत आणि ऑफिसच्या खात्याची परवानगीही त्याच फोनवर द्यायचीय. यात निग्रहाचा काय संबंध? स्मार्टफोन हा घरभर पसरलेल्या कामांचा एक मोठा जुडगा आहे. तो न सोडवता फेकला की चार दिवसांत परत उचलून आणावा लागतो.

मी घरी बसून मुद्रितशोधन करते. घरात शाळेत जाणारी मुलगी आहे, वडील आहेत आणि टेबलावर संगणक आहे. संगणकाचं मुद्दाम सांगतेय. घरात किंवा कामाच्या ठिकाणी संगणक नसेल तर हा बदल फारच कठीण जातो, आणि ते आधी माहीत असलेलं बरं.

पहिला आठवडा: फक्त नोंद करा

फोन लगेच बदलू नका. एक कागद चौघडी करून रबरबँडने फोनच्या पाठीला लावा. फोन उचलला की कशासाठी उचलला ते एका शब्दात त्यावर लिहा. माझ्या कागदावर विजेरी, गजर, शाळेचा ग्रुप, संपादकांची पीडीएफ, वडिलांचं औषध, शब्दकोश, हवामान असं बरंच काही होतं. आणि अनेक ठिकाणी नुसतीच आडवी रेघ होती. रेघ म्हणजे कशासाठीच नाही, उगाच उचलला.

या रेघांकडे नीट बघा. माझ्या रेघा दिवसभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. अवघड परिच्छेद आला, एखादं वाक्य दोनदा वाचूनही बसेना, की लगेच हात फोनकडे गेला होता. शब्दकोशासाठी फोन उचलला की त्यापाठोपाठ हमखास एक रेघ होती. मग मी शब्दकोश छापील स्वरूपात टेबलावर आणून ठेवला आणि फोन त्या खोलीतूनच बाहेर नेला. रेघा निम्म्यावर आल्या, तेही स्मार्टफोन अजून हातात असताना. तुमच्या रेघा कदाचित झोपण्याआधी असतील, किंवा कुणाची वाट बघताना. त्या कुठे आहेत हे कळलं की साधा फोन घेतल्यावर कुठली वेळ जड जाणार हेही आधीच कळतं.

नोंदीतली काही कामं सोडून देता येतात. गजराला घड्याळ, उजेडाला विजेरी, आठवणींना खिशातली वही इतकं सरळ उत्तर काहींना असतं. फाइली, ईमेल, हिशेब, तिकिटं संगणकावर जातात. फोनवर राहायलाच हवीत अशी कामं शेवटी फार थोडी उरतात: बोलणं, मेसेज आणि कोड.

किल्ल्या आधी हलवा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. एसएमएसने येणाऱ्या कोडची काळजी नाही, सिम जाईल तिथे ते येतील. अडचण अ‍ॅपमध्ये तयार होणाऱ्या सहा आकडी कोडची आहे. दर तीस सेकंदांनी बदलणारा हा कोड एका गुप्त किल्लीवरून बनतो, आणि ती किल्ली फोनमध्ये साठवलेली असते. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं म्हणून ती सोबत जात नाही. प्रत्येक खात्यात जाऊन दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, नव्याने लावावी लागते, एकतर संगणकावरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड आणि कोड सांभाळणारा प्रोग्रॅम) किंवा यूएसबीत लावायच्या छोट्या सुरक्षा किल्लीवर. किल्ली घेतलीत तर दोन घ्या, एक हरवली तर दुसरी हवी.

बहुतेक मोठी खाती राखीव कोडही देतात. गूगल एका वेळी दहा कोड देतं, आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. 'तुमच्या फोनवर हो म्हणा' अशी सूचना पाठवणारी पद्धत मात्र बंद करा, कारण त्या सूचनेला उत्तर द्यायला फोनच नसेल. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्या, फोनमध्ये साठवल्या असतील तर संगणकावर नव्या तयार करा.

बँकेला थेट विचारा: अ‍ॅपशिवाय व्यवहाराला मंजुरी देता येते का? काही बँका एसएमएस किंवा वेगळं छोटं यंत्र चालवून घेतात, काही फक्त अ‍ॅपच मानतात. काहींचं अ‍ॅप त्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय उघडतच नाही. उत्तर 'फक्त अ‍ॅप' असं आलं, तर जुना फोन घरात एका ठरलेल्या जागी वाय-फायवर राहू दे. यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. लँडलाइन जशी एका जागी असायची, तसा तो असू दे. खिशात नाही एवढं पुरे.

हे सगळं झालं की रंगीत तालीम करा. कामाच्या दिवशी सकाळी स्मार्टफोन पूर्ण बंद करून कपाटात ठेवा. मग संगणकावर प्रत्येक खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत या: ईमेल, बँक, ऑफिस, वीज-पाण्याची बिलं. जिथे अडेल ते खातं कागदावर लिहा (एसएमएसच्या कोडसाठी अडलं तर सोडून द्या, सिम बंद फोनमध्येच आहे) आणि संध्याकाळी फोन उघडून तेवढंच दुरुस्त करा. असं एकही खातं अडलं नाही असा दिवस गेल्याशिवाय नवा फोन विकत घेऊ नका.

फोन निवडताना

दिसायला कितीही छान असला तरी पहिला प्रश्न नेटवर्कचा. जुनी नेटवर्कं जगभर बंद होत चालली आहेत. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीला टूजी आणि २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राचं थ्रीजी २०२४ मध्ये गेलं. कपाटातला जुना नोकिया चार्ज केल्यावर मस्त उजळतो, पण त्याला नेटवर्कच मिळत नसेल तर तो फक्त गजराचं घड्याळ आहे. फोरजीचा फोन घ्या, त्यात व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची सोय, असू दे, आणि तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर तो चालतो याची खात्री करून घ्या. फोरजी आहे म्हणून व्होल्टी असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट ई-सिमची, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या, काढता न येणाऱ्या सिमची. तुमचा नंबर ई-सिमवर असेल तर साध्या फोनमध्ये तो बहुधा जाणारच नाही. आधी कंपनीकडून प्लास्टिकचं सिम करून घ्या. आकाराचाही प्रश्न येतो: नॅनो सिम जुन्या मोठ्या खाचेत बसवायला छोटी चौकट लागते.

मराठीत मेसेज करणाऱ्यांसाठी एक परीक्षा माझ्याकडून. दुकानातच तुमच्या नंबरवरून त्या फोनवर एक मेसेज पाठवा: 'खऱ्या सुट्ट्या, ज्ञान, क्षमा'. काही फोनवर याच्या जागी नुसते चौकोन दिसतात, काहींवर अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं सुटी पडतात. ऱ्या आणि ट्ट्या नीट दिसले तर फोन मराठी वाचायला चांगला. लिहायला कसा आहे ते बटणांवर बोट ठेवूनच कळेल. एका बटणावर चार-पाच अक्षरं असतात आणि काना-मात्रा वेगळ्या शोधाव्या लागतात.

याच संदर्भात हेही लक्षात ठेवा. रोमन अक्षरांतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला साधारणपणे ७० चा. काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. 'पोहोचले' या छोट्या शब्दाचे सात होतात. मेसेज लांबला की तुकडे पडतात, आणि मेसेजमागे पैसे पडत असतील तर प्रत्येक तुकड्याचे वेगळे. मला ही मर्यादा आवडते. माझी वाक्यं त्यामुळे मुद्द्याची झाली, आणि जे ७० अक्षरांत मावत नाही ते बोलून सांगावं, असा माझा नियमच झाला.

सिम काढण्याआधीची दोन बटणं

आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आयमेसेज आणि फेसटाइम या अ‍ॅपलच्या मेसेज आणि कॉलच्या सेवा बंद करा, सिम अजून फोनमध्ये असतानाच. नाहीतर आयफोनवाल्या ओळखीच्यांचे मेसेज तुमच्या जुन्या फोनकडेच जात राहतात. त्यांना वाटतं पोहोचले, तुम्हाला काहीच कळत नाही. अँड्रॉइडवर गूगलच्या मेसेज अ‍ॅपमधलं आरसीएस चॅट (इंटरनेटवरून जाणारे मेसेज) असंच बंद करा. विसरलात तर दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवरून नंबर काढून घेता येतो.

ओळखीच्यांचे नंबर हलवायला सोपा मार्ग म्हणजे सगळे संपर्क एका व्हीसीएफ फाइलमध्ये (संपर्क साठवायची फाइल) उतरवून ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने नव्या फोनमध्ये घेणं. सिममध्ये साठवायचे तर जागा थोडी, बहुतेक सिममध्ये २५० च्या आसपास नावं, आणि लांब नावं कापली जातात. मी मात्र बटणं दाबत हाताने भरले. वेळ लागला, पण प्रत्येक नावापाशी थांबून 'याला मी शेवटचा फोन कधी केला?' असं विचारलं गेलं. त्यातल्या काहींना मी तिथल्या तिथे फोन लावला.

सिमला पिन लावा. साध्या फोनचं कुलूप कच्चं असतं, तो चोरीला गेला तर सिम काढून तुमचे कोड दुसऱ्या फोनवर वाचता येतात. पिन तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला पीयूके हा कंपनीने दिलेला कोड लागतो, म्हणून पीयूके वहीत लिहून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय?

सगळे हेच विचारतात. खातं नंबरवर असतं, त्यामुळे ते जुन्या, घरी ठेवलेल्या फोनवर चालू ठेवून संगणकाशी जोडता येतं. मुख्य फोनवर १४ दिवसांहून जास्त काळ अ‍ॅप उघडलं नाही, तर जोडलेला संगणक आपोआप बाहेर पडतो. खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं तर साधारणपणे ते पुसलं जातं. सिम त्याच फोनमध्ये हवं अशी अट तुमच्याकडे लागू आहे का, तेही बघून घ्या. बटणांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप मिळेल असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. कायओएस या बटणांच्या फोनसाठीच्या प्रणालीवर ते नव्याने उतरवून घेणं २०२४ मध्येच बंद झालं.

पूर्ण सोडायचं असेल तर न सांगता गायब होऊ नका, माणसं दुखावतात. मी सगळ्यांना एकच मेसेज पाठवला होता: "सोमवारपासून माझ्याकडे साधा फोन आहे. घाईचं असेल तर फोन करा, नसेल तर एसएमएस. फोटो आणि फाइली ईमेलवर." शाळेच्या ग्रुपसाठी वर्गातल्या एका मुलीच्या आईला विनंती केली की महत्त्वाची सूचना आली तर मला एसएमएस कर. बदल्यात मी तिच्या मुलीचे निबंध तपासून देते. हा सौदा दोघींनाही मानवला. मुलीने विचारलं, "आई, मग मी चित्राचा फोटो तुला कुठे पाठवू?" आता ती ईमेल लिहिते, वर 'प्रिय आईस' असं घालून. वडील सगळ्यात खूश. त्यांचा नंबर दोनच्या बटणावर आहे, ते बटण दाबून धरलं की त्यांना फोन लागतो.

बाहेर पडताना

नवीन ठिकाणी जायचं तर संगणकावर नकाशा बघून वळणं कागदावर उतरवा, आणि डावं-उजवं यांसोबत दिसणारी खूणही लिहा. पुढचं रस्त्यावरच्या माणसाला विचारा.

एका गोष्टीत मात्र साधा फोन खरोखर कमी पडतो. अनेक देशांत आणीबाणीच्या नंबरला फोन केला की स्मार्टफोन स्वतःहून तुमचं ठिकाण कळवतो. साधा फोन बहुधा कळवत नाही. म्हणून फोन लागला की आधी कुठे आहात ते सांगा, काय झालंय ते मग. अनोळखी भागात गेल्यावर रस्त्याचं नाव वाचून ठेवायची सवय मी त्यासाठीच लावून घेतली, आणि मुलीलाही लावली.

जुना फोन कधी द्यायचा

घाई करू नका, वर्षभर तरी ठेवा. विमा, कर, नूतनीकरण अशी काही कामं वर्षातून एकदाच डोकं वर काढतात, आणि ती तुमच्या आठवडाभराच्या कागदावर आलेलीच नसतात. कपाटात ठेवताना बॅटरी साधारण अर्धी भरलेली असू दे आणि काही महिन्यांनी बघत राहा. पूर्ण रिकामी ठेवली तर खराब होते. वर्षाची सगळी कामं एकदा साध्या फोनवर पार पडली, फोटो दुसरीकडे उतरवून झाले, की मग तो देऊन टाका. देताना आधी त्यातून अ‍ॅपलचं किंवा गूगलचं खातं काढा आणि मगच फोन कोरा करा. क्रम उलटा झाला तर नव्या माणसाला तो तुमच्या पासवर्डशिवाय कदाचित उघडणार नाही.