उष्ट्याचं वजन करण्याच्या आठवड्याची तयारी

29 सप्टेंबरला अन्ननासाडीविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. त्या निमित्ताने शाळेत घोषवाक्यं लिहून घेण्यापेक्षा नववी-दहावीच्या मुलांच्या हातात वजनकाटा द्या. आपल्याच शाळेचा आकडा त्यांनी स्वतः काढला की तो त्यांना विसरता येत नाही.

आधी आठवडा ठरवा. सोमवार ते शुक्रवार सलग पाच दिवस हवेत. चाचणी परीक्षा, चतुर्थी-एकादशीचे उपास आणि सकाळची शाळा टाळा, कारण त्या दिवशी मुलं नेहमीसारखी जेवत नाहीत. पहिल्या आठवड्यात भाषण, फलक काही नको. मोजणी आहे हे कळलं की मुलं ताट चाटूनपुसून ठेवतात आणि खरा आकडा हाती लागत नाही.

सामान थोडंच लागतं. 10 किलोपर्यंतचा डिजिटल काटा, पंधरा लिटरच्या चार बादल्या, एक मोठी चाळणी, हातमोजे आणि तक्त्याची वही. बादल्यांवर ठळक लिहा: भात-खिचडी, पोळी-भाकरी, भाजी-आमटी, आणि चौथी साली, बिया, हाडांची. चौथीतलं वजन नासाडीत धरायचं नाही. प्रत्येक रिकाम्या बादलीचा धडा, म्हणजे नंतर वजा करायचं तिचं वजन, आधीच करून ठेवा आणि बादली अर्धी झाली की मोजून रिकामी करा, म्हणजे काट्यावर ताण येत नाही. बादल्या नळापासून लांब हव्यात. मुलं ताट विसळून पाण्यासकट ओततात आणि मग आपण पाणीच मोजत बसतो. म्हणून आमटीचं चाळणीतून निथळूनच वजन करा.

सगळ्यात महत्त्वाचं, पातेल्यात उरलेलं आणि ताटात टाकलेलं कधीही एकत्र करू नका. पातेल्यात उरलं तर हजेरीचा अंदाज चुकलेला असतो, ताटात राहिलं तर वाढप, चव किंवा वेळ. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. तसंच पाचवी ते आठवीचा पोषण आहार आणि वरच्या वर्गांचे डबे यांची नोंद वेगळी ठेवा. डबे मात्र कुणी उघडून बघायचे नाहीत. कोणाच्या घरी काय शिजतं ही त्या मुलाची खासगी गोष्ट आहे, ज्याने त्याने आपला डबा आपणच रिकामा करावा. कारणंसुद्धा नाव न घालता चिठ्ठीवर घ्या: जास्त वाढलं, आवडलं नाही, गार होतं, वेळ पुरला नाही, बरं वाटत नव्हतं.

प्रत्येक बादलीपाशी दोघं उभे करा, एक वजन सांगणारा, दुसरा लिहिणारा. तक्त्यात तारीख, पदार्थ, जेवलेल्या मुलांची संख्या आणि वजन. पटसंख्येने भागू नका, त्या दिवशी जेवलेल्यांच्या संख्येने भागा. समजा 240 मुलं जेवली आणि ताटातला भात 9 किलो 600 ग्रॅम निघाला, तर माणशी 40 ग्रॅम. इथे हमखास एक चूक होते: शिजलेल्या वजनाला तांदळाच्या भावाने गुणतात. भात पाणी पिऊन फुगलेला असतो. पहिल्या दिवशी एक किलो तांदूळ वेगळा शिजवून तोलून बघा. तो समजा 2 किलो 800 ग्रॅम भरला, तर ते 9 किलो 600 ग्रॅम म्हणजे जवळपास साडेतीन किलो कोरडा तांदूळ. पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज 150 ग्रॅम धान्य धरलेलं असतं, म्हणजे तेवीस मुलांचा वाटा गेला. हा हिशेब मुलांनाच फळ्यावर करू द्या.

उष्ट्याचं काय करायचं तेही आधीच ठरवा. उरलेला भात कुणाला द्यायचा असेल तर शिजल्यापासून दोन तासांच्या आत. त्यानंतर त्यात होणारं काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. गाईला बादलीभर भात एकदम घालू नका, तिच्या पोटात आम्ल वाढून ती आजारी पडते. खतासाठी निथळलेल्या उष्ट्याच्या दुप्पट वाळका पाला मिसळा, नाहीतर दोन दिवसांत वास आणि माश्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा पाच दिवस मोजा. मधल्या काळात एकच बदल करा: आधी अर्धा डाव वाढायचा आणि मागेल त्याला दुसऱ्यांदा हसतमुखाने द्यायचं. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मागायला लाजणारी मुलं उपाशी राहत नाहीत ना, याकडे वाढणाऱ्या ताईंचं लक्ष असू द्या.