पीएसपीवर मराठी दस्तऐवज वाचताय? या चुका टाळा

पीएसपी म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेम यंत्र. त्याचा पडदा ४.३ इंची, ४८० बाय २७२ पिक्सेलचा. जुनं यंत्र घरात पडून असेल तर वाचायला ते आजही छान चालतं. पण वर्डची किंवा आरटीएफ (मजकुरासोबत मांडणीच्या खुणा साठवणारी) फाइल त्याला स्वतःहून उघडता येत नाही, आणि देवनागरी मांडता तर मुळीच येत नाही. म्हणून फॉन्ट, जोडाक्षरं, पानाचं माप हे सगळं संगणकावरच उरकायचं आणि पीएसपीच्या हाती तयार पान द्यायचं. खालच्या बहुतेक अडचणी हे न केल्यानेच येतात.

आरटीएफचं नाव बदलून टीएक्सटी करणं

फाइलीचं शेपूट बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. उघडल्यावर आधी महिरपी कंस, उलट्या तिरक्या रेघा आणि फॉन्टांची यादी दिसते, आणि मराठी शब्दांच्या जागी आकडे: 'क'साठी २३२५, 'म'साठी २३५०. लिबरऑफिस रायटर या लेखन-सॉफ्टवेअरमधून साधा मजकूर म्हणून नीट जतन केलेली फाइल इंग्रजीपुरती चालते. त्यातली ठळक अक्षरं आणि मथळे मात्र जातात.

मराठीला तोही मार्ग नाही, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर पुढची बरीच खटपट वाचते. 'किती' या शब्दात युनिकोड (अक्षरांना आकडे देणारी जागतिक पद्धत) आधी 'क' साठवतं, मग ऱ्हस्व वेलांटी. ती वेलांटी 'क'च्या अलीकडे नेऊन दाखवणं, रफार वर चढवणं, 'क्ष' जुळवणं हे काम वाचणाऱ्या प्रणालीचं असतं. पीएसपीच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं नाहीत आणि ही जुळणी करण्याची सोयही नाही. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, कितीही बदलून पाहा, उपयोग होणार नाही. पीडीएफमध्ये मात्र प्रत्येक अक्षराचा आकार आणि जागा आधीच ठरलेली असते, फॉन्टही फाइलीतच असतो. त्यामुळे 'बुकर' हे पीडीएफ वाचण्याचं होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेलं, सोनीचं नसलेलं) सॉफ्टवेअर मराठी पान जसंच्या तसं दाखवतं.

ए-४ पानाचीच पीडीएफ टाकणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ए-४ पानाची रुंदी ५९५ पॉइंट. ती ४८० पिक्सेलांत बसवली की १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम १० पिक्सेलांचं उरतं. तेवढ्या उंचीत शिरोरेघ, वरची मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार मावत नाहीत. 'कू' आणि 'कृ' एकसारखे दिसू लागतात. झूम केलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

पानच पडद्याच्या मापाचं करा. लिबरऑफिस रायटरमध्ये फॉरमॅट, मग पेज स्टाइल, आणि तिथे रुंदी १२.१९ सेंमी, उंची ६.९१ सेंमी. चारही बाजूंचा समास ०.२ सेंमी, हेडर-फुटर बंद. या मापात एका इंचाला बरोबर १०० पिक्सेल येतात, म्हणजे १४ पॉइंटचं अक्षर साधारण १९ पिक्सेलांचं होतं आणि पानावर नऊएक ओळी बसतात. फॉन्ट बारीक रेघांचा नको; 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' मीडियम वजनात घ्या. मग पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करा, फॉन्ट आपोआप आत जातो. यंत्र उभं धरून वाचायचं असेल तर मापं उलटी भरा आणि बुकरमध्ये पान ९० अंशांत फिरवा. तक्ते या रुंदीत मोडतात. रुंद तक्त्यांचे रकाने आधीच तोडून दोन तक्ते करणं बरं.

जुन्या फॉन्टातला मजकूर

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांतल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि त्यांना मराठी रूप फक्त तो फॉन्ट देतो. अशा मजकुराचा फॉन्ट बदलून 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट केला की रोमन अक्षरांचा गोंधळ समोर येतो, मजकूर युनिकोड होत नाही. तो मूळ फॉन्ट बसवलेल्या संगणकावरच पीडीएफ काढा, किंवा आधी परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा. परिवर्तकाचं काम डोळ्यांखालून जरूर घाला, रफार आणि जोडाक्षरांत हमखास चुका राहतात.

स्कॅन केलेली पुस्तकं

३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) ए-४ पान म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. रंगीत असेल तर उलगडल्यावर सुमारे २६ एमबी. पीएसपी-१००० मध्ये एकूण मेमरीच ३२ एमबी आणि तीही सगळी बुकरच्या वाट्याला येत नाही, तेव्हा पान अडकतं किंवा यंत्र गोठतं. २००० आणि ३००० मध्ये ६४ एमबी आहे, तरी पान उलटायला वेळ लागतोच. स्कॅन करड्या रंगात आणा, कोरे समास कापा, प्रत्येक पानाच्या आडव्या दोन-तीन पट्ट्या करा.

काल चालत होतं, आज उघडत नाही

बुकरला कस्टम फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रणालीची बदललेली आवृत्ती, लागतं. बुकरचं फोल्डर मेमरी स्टिकवरच्या (पीएसपीच्या कार्डावरच्या) 'पीएसपी'मधल्या 'गेम'मध्ये ठेवायचं. ३००० सारख्या मॉडेलवर ६.६० किंवा ६.६१ चं 'प्रो' फर्मवेअर यंत्र पूर्ण बंद केलं की उतरतं, मग बुकर सुरू न होता ८००२०१४८ हा संकेत येतो. फाइल खराब झालेली नसते. फर्मवेअर परत चढवणारं 'फास्ट रिकव्हरी' एकदा चालवा. वाचन थांबवताना पॉवरचं बटण किंचित वर सारून सोडा, यंत्र झोपेल. तीन सेकंद धरून ठेवलं तर पूर्ण बंद होईल.

कार्डच दिसत नसेल तर फॉरमॅट तपासा. ३२ जीबीपेक्षा मोठी मायक्रोएसडी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, पीएसपीला फॅट-३२ लागतं. मेमरी स्टिकच्या अडॅप्टरमध्ये घालून पीएसपीच्या सिस्टिम सेटिंग्जमधूनच फॉरमॅट करा. त्याने कार्ड कोरं होतं, आतल्या फाइली आधी संगणकावर काढून ठेवा. फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि छोटी ठेवा. देवनागरी नावं यादीत वाचता येत नाहीत. बुकरची नवी आवृत्ती टाकताना जुनं फोल्डर सरळ पुसू नका, वाचनखुणांची फाइल त्यातच असते.