औषधाची बाटली उघडण्याआधी: मत्स्यपालनातल्या या चुका टाळा

"मासे मरायला लागलेत, कोणतं औषध टाकू?" हा प्रश्न मला सारखा येतो. पहाटे पाण्यात प्राणवायू किती होता, असं मी विचारलं की पलीकडे शांतता. पाणी तपासायचं किट घेतलेलंच नसतं. औषधाच्या तीन बाटल्या मात्र तयार असतात.

ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. एका तळ्यावरचा प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत होते. मालक घाबरला. कुणीतरी म्हणालं रोग आहे, चुना टाक. त्यानं भर दुपारी भरपूर चुना टाकला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा काठाला पांढरी पोटं दिसत होती. दोन-चार माशांचे कल्ले उघडून पाहिले: ना जखम, ना परजीवी. पाण्याचा सामू (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा pH) 9 च्या वर आणि अमोनिया भरपूर.

रोग नव्हताच. रात्री शेवाळासकट सगळे जीव प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. 5 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेला की मी सावध होतो. त्या दिवशी खाद्य थांबवून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावला असता, थोडं पाणी बदललं असतं, तर बहुतेक मासे वाचले असते. चुन्यानं सामू चढला आणि तिथेच घात झाला. 25 अंश तापमानाला, सामू 7 असताना एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू 9 झाला की एक तृतीयांशाहून जास्त विषारी होतो. चुना वाईट नाही, पण न तपासता टाकू नका. मी रोज उजाडण्यापूर्वी आणि दुपारी तीनला पाणी तपासतो आणि वहीत लिहितो. कंटाळा येतो, तरी लिहितो.

दुसरी चूक म्हणजे नवं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणलं की थेट तळ्यात सोडणं. बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) तरतरीत दिसते, म्हणून लोकांना धीर धरवत नाही. मग दहा-बारा दिवसांनी अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात. हे ठिपके एका परजीवीचे असतात. तो माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याला शिवतही नाही. पुढे तो गळून तळाशी जातो, कवच धरतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. ती नवा मासा शोधत पोहत असतात, तेवढ्याच वेळात औषध लागू पडतं. म्हणून एक मात्रा देऊन ठिपके गेले की उपचार थांबवणारे पुन्हा फसतात.

माझ्याकडे नवं बीज तीन आठवडे वेगळ्या टाकीत राहतं. त्या टाकीचं जाळं आणि बादली वेगळी, दोन्हींना लाल दोरी बांधलेली. लाल दोरीची वस्तू तळ्याकडे जात नाही. गोड्या पाण्यातल्या माशांना येतानाच मिठाचं स्नान देतो: दहा लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम मीठ, एक ते पाच मिनिटं. नजर हलवायची नाही. मासा कलंडला की लगेच बाहेर. त्वचेखालचा परजीवी यानं मरत नाही, म्हणून स्नान दिलं तरी तीन आठवडे सुटत नाहीत.

बाकीच्या चुकांवर फार बोलायची गरज नाही. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, तेव्हा खाद्याचा ट्रे पाहूनच पुढचा घास टाका. मेलेला मासा काठावर फेकू नका, पक्षी तो दुसऱ्या तळ्यात नेतात. माशांच्या दोन पिकांच्या मध्ये तळाला भेगा पडेपर्यंत तळं वाळवा. आणि "खबरदारी म्हणून" प्रतिजैविक देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो: विषाणूंवर ते काम करत नाही, परजीवींवरही नाही, आणि त्याला न जुमानणारे जिवाणू मात्र गाळात वाढत राहतात.

माशांच्या उवांसाठीही लोक आधी विषाकडे धावतात. ऊ चपटी, डोळ्यांना दिसणारी, आणि अंडी घालते लाकडावर, दगडावर. मी तळ्यात ठिकठिकाणी फळ्या उभ्या करून ठेवतो. दर आठवड्याला त्या काढल्या की खालच्या बाजूला अंड्यांच्या बारीक ओळी दिसतात. खरवडून काढतो, फळ्या कडक उन्हात पूर्ण वाळवतो आणि परत पाण्यात सोडतो.