४ जीबी रॅम बसवली, दिसते ३ जीबी: अडतंय कुठे ते असं शोधा

रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, तो तिचा पत्ता. ३२-बिट सिस्टिममध्ये हे पत्ते मावतात ते ४ जीबीपुरतेच. त्यांतलेही वरचे बरेचसे पत्ते ग्राफिक्स कार्ड, पीसीआय उपकरणं (मदरबोर्डला जोडलेली इतर कार्डं) आणि बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) यांच्याकडे जातात आणि तेवढी रॅम झाकली जाते. त्यामुळे ३ ते ३.५ जीबीच दिसली, तर रॅम परत करायला धावू नका.

आधी प्रोसेसर तपासा. लिनक्समध्ये ‘प्रोक’ फोल्डरातली ‘सीपीयूइन्फो’ फाइल उघडा. ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत ‘एलएम’ (म्हणजे प्रोसेसर ६४-बिट) असेल तर सरळ ६४-बिट सिस्टिम टाका, बहुतेक खटपट तिथेच संपते. मात्र बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’, म्हणजे झाकलेल्या रॅमला ४ जीबीच्या वरचे पत्ते देणं, चालू हवं. ते बंद असेल, किंवा मदरबोर्डचा चिपसेटच ४ जीबीच्या पुढे जात नसेल, तर ६४-बिटवरही आकडा तोच राहील.

‘एलएम’ नसून नुसतं ‘पीएई’ (३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपुढची रॅम वापरू देणारी सोय) दिसलं तर पीएई असलेला जुना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, निवडा; लिनक्सच्या नव्या कर्नलमधून ४ जीबीपुढचा हा आधार काढलेला आहे. १९९५च्या पेंटियम प्रोपासून आलेली ही सोय. पेज टेबलमधली (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे त्याच्या तक्त्यातली) नोंद ४ ऐवजी ८ बाइटची होते, प्रत्यक्ष पत्ता ३६ बिटांचा होतो आणि मर्यादा ६४ जीबीवर जाते. पण एकेका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) स्वतःचे पत्ते ४ जीबीचेच मिळतात. लिनक्समध्ये त्यातले सहसा ३ जीबी प्रोग्रामचे, १ जीबी कर्नलचा. ३२-बिट विंडोज एक्सपीवर ही वाट बंदच आहे: जुने ड्रायव्हर कोलमडतात म्हणून ४ जीबीची मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे.

खरी गोची कर्नलच्या त्या १ जीबीत आहे. त्यातले सुमारे ८९६ एमबी ‘लोमेम’, म्हणजे कर्नलच्या कायम हाताशी. उरलेली रॅम ‘हायमेम’, लागेल तेव्हा तात्पुरती जोडायची. रॅमच्या प्रत्येक ४ केबी तुकड्याची, म्हणजे पेजची, साधारण ३२ बाइटची नोंद लोमेममध्येच बसते. १६ जीबीला १२८ एमबी खर्च होतात, ६४ जीबीला ५१२. म्हणून कित्येक जीबी मोकळी असूनही ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारा कर्नलचा भाग) प्रोग्राम मारत सुटतो. ‘फ्री’ कमांड ‘-एल’ लावून चालवा आणि ‘लो’ची ओळ बघा. ती तळाला गेली असेल तर आणखी रॅम घातल्याने दुखणं वाढेलच.

६४-बिटवरही एक कोपरा उरतो. काही कार्डांना डीएमए करताना, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट रॅममध्ये डेटा लिहिता-वाचताना, ३२-बिट पत्तेच कळतात. त्यांच्यासाठी कर्नल ४ जीबीखालच्या बफरमधून (राखून ठेवलेल्या तात्पुरत्या जागेतून) डेटाची नक्कल करतो. हा बफर सहसा ६४ एमबीचा असतो. कर्नलच्या लॉगमध्ये तो भरल्याची तक्रार दिसली, तर बायोसमधून आयओएमएमयू (कार्डांचे पत्ते रॅममध्ये कुठेही जुळवून देणारं हार्डवेअर) चालू करा. ते नसेल तर बूटच्या वेळी ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी’ला (swiotlb, याच बफरचा आकार ठरवणारी सेटिंग) ६५५३६ द्या, एकेक खण २ केबीचा, म्हणजे १२८ एमबी.