औषधांच्या सांडपाण्यावर प्रकाश-उत्प्रेरक: नव्यांनी आधी काय बघावं

खानापूर-निपाणीकडची मुलं एमएस्सी झाली की सांडपाण्यातली औषधं प्रकाशाच्या मदतीने तोडणाऱ्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) काम करायचं म्हणून विचारतात, "सर, कॅटॅलिस्ट कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, पाणी कुठलं घेणार?

डिस्टिल्ड पाण्यात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक विरघळवून टायटॅनियम डायऑक्साइड हा नेहमीचा कॅटॅलिस्ट टाकला की ग्राफ झकास येतो. सांडपाण्यात मात्र बायकार्बोनेट, क्लोराइड, सेंद्रिय मळ असतो. औषधापर्यंत पोचण्याआधीच बरेचसे हायड्रॉक्सिल रॅडिकल (प्रकाश पडल्यावर कॅटॅलिस्टवर तयार होणारे, औषध तोडणारे कण) त्यांच्यातच खर्ची पडतात. म्हणून बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं सांडपाणी गाळून सुरुवातीलाच वापरा. औषध तुटण्याचा आकडा घसरेल, घसरू दे.

ॲनाटेज या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाचा बँड गॅप (कॅटॅलिस्ट जागा व्हायला लागणारी किमान प्रकाश-ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आतलाच प्रकाश चालतो, आणि उन्हात अतिनील भाग असतो जेमतेम ५ टक्के. ग्राफिटिक कार्बन नायट्राइड हा दुसरा कॅटॅलिस्ट ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतो. झाकलेल्या क्रुसिबलमध्ये मेलामाइन ५५० अंशांवर भाजलं की तयार! अमोनिया सुटतो, तेवढी भट्टीजवळ हवा खेळती ठेवा.

कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रयोगांत, कंजुषी नको. डायक्लोफेनॅक नुसत्या उन्हातही तुटतं, त्यामुळे कॅटॅलिस्टशिवायचा प्रयोग हवाच. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध चिवट, खरी परीक्षा तिथे. दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळा, नाहीतर कॅटॅलिस्टला नुसतं चिकटलेलं औषध 'नष्ट झालं' म्हणून मोजाल. मिथिलीन ब्लू हा रंग तोडून कॅटॅलिस्ट दृश्य प्रकाशात चालतो असा दावा करू नका. तो रंग स्वतःच प्रकाश शोषून कॅटॅलिस्टला इलेक्ट्रॉन देतो.

पीएच, कॅटॅलिस्टची मात्रा, औषधाची सुरुवातीची तीव्रता यांचा एकमेकांवरचा परिणाम एकेक घटक बदलून कळत नाही. बॉक्स-बेन्केन या, अनेक घटक एकत्र बदलणाऱ्या संख्याशास्त्रीय आराखड्यात तीन घटकांचं काम साधारण १५ प्रयोगांत होतं. पण मर्यादा ठरवताना रसायन विसरू नका: डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध आयन रूपात असतं तो) ४ च्या आसपास. पीएच त्याखाली नेला की औषध साका होऊन खाली बसतं आणि सॉफ्टवेअर आनंदाने तोच 'ऑप्टिमम' दाखवतं! कॅटॅलिस्टची पावडर वाढवत नेली तर पाणी गढूळ होऊन प्रकाशच अडतो.

बेळगावात जून ते सप्टेंबर उन्हावर विसंबू नका. एलईडी दिवा लावा, स्टँड उद्यमबागेत बनवून मिळेल. उन्हातले प्रयोग फेब्रुवारी-मार्चला.

एचपीएलसीवरचा (पाण्यातलं औषध वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावरचा) औषधाचा पीक गेला तरी औषधाचे तुकडे पाण्यात असतात, कधी मूळ औषधापेक्षा घातक. ते उरलेत का हे कळायला पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन (टीओसी) मोजा, पण टीओसी यंत्र प्रत्येक कॉलेजात नसतं. कुठे मिळतं, नमुन्यामागे किती घेतात, हे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहितानाच विचारून ठेवा.